उपहाराचा पहिला वाटा

सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी साधकास भिक्षेचा आचार लावून दिला, तो केवळ उदरभरणाची सोय म्हणून नव्हे. चारही वर्णांच्या दारी जावे, घर निवडू नये, झोळीत पडेल ते चव न पाहता सेवावे. या विधीने रसनेचा विषय तुटतो. शिवाय कोणाच्या घरी चूल पेटली आणि कोणाच्या घरी नाही, हे भिक्षेस जाणाऱ्यास प्रत्यक्ष दिसते. पहिल्या प्रयोजनाचे निरूपण नित्य होते. दुसऱ्याचा विचार गृहस्थ वासनिकांनीही करावा.

रायगडचा किनारा उदाहरणार्थ घ्यावा. राजपुरी खाडीच्या अलीकडे आगरदांडा, पलीकडे दिघी. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी वर्ज्य असते. दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणाऱ्याच्या घरी त्या काळात समुद्राची मिळकत येत नाही. किनाऱ्यामागील डोंगरपट्ट्यात जिल्हाभर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पावसाने वीटभट्ट्या बंद होतात, लावणीची मजुरी श्रावणापर्यंत सरते आणि नवे भात आश्विनाआधी हाती येत नाही. मधले दिवस ओढीचे असतात.

सणांची रांगही याच दिवसांत लागते. नारळी पौर्णिमा, श्रीकृष्णजयंती, भाद्रपद शुद्ध द्वितीयेस श्रीचक्रधरप्रभूंचा अवतारदिन, दोन दिवसांनी गावची चतुर्थी, मागोमाग गौरी. कोठे नारळीभात, कोठे मोदक, कोठे घावन-घाटले. आग्रहाने इतके वाढले जाते की जेवणाऱ्यास पाटावरून उठवत नाही, आणि ताटात टाकलेले गुरांपुढे जाते. त्याच सुमारास वाडीवरील बाप मुकादमाकडून उचल घेतो. तिने काही दिवस चूल पेटते. पण दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर राबून ती फेडते आणि मुलांची शाळा सुटते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, तरी भुकेपोटी माणूस आपले श्रम आधीच विकून बसतो.

येथे शंका अशी की, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य मिळते, मग भूक कोठे उरली? समाधान असे : प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो मिळते. दिवसाचे ते पावणेदोनशे ग्रॅमही होत नाही. कष्टकऱ्याचे दोन्ही वेळचे पोट त्यात भरत नाही. तेल, मीठ, डाळ निराळीच.

दुसरी शंका : पंगतीत उरलेले अन्न वाटले तर चालणार नाही काय? अन्न वाया जाऊ नये हे खरे. परंतु ते दान नव्हे. पोट भरल्यावर जे नकोसे झाले ते दिले, तर दात्याने काय त्यागिले? देवास उपहार अर्पिताना कोणी उरलेले अर्पीत नाही. मग ज्या जीवांच्या उद्धारासाठी परमेश्वर अवतार स्वीकारतो, त्यांच्या वाट्यास उरलेले का यावे?

म्हणून उपहाराचा शिधा मोजतानाच पहिला वाटा बाजूस काढावा. पक्वान्न एक कमी करावे, तांदूळ-डाळ अधिक द्यावी. ती सणाच्या आधी पोचवावी, म्हणजे कोणाची तरी उचल टळेल. देताना नाव सांगू नये, घेणाऱ्यास अंगणात तिष्ठत ठेवू नये. स्वतः चार घास कमी जेवावे. अवतारदिनाचा उत्सव याहून निराळा नाही.

दंडवत प्रणाम.