सावजाचं देणं

काउंटरवर तीन रायफली मांडलेल्या होत्या आणि माझ्या डोक्यात नऊशे डॉलरचा हिशेब चालू होता. ऑक्टोबर संपत आला होता. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे दुकानात गर्दी होती. काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्या विक्रेत्याला मी विचारलं, "एवढ्या पैशात सगळ्यात चांगली कुठली?" त्यानं उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "तुम्ही किती लांबून बार टाकणार?"

"दोनशे यार्डांपर्यंत टाकीन," असं काहीतरी मी पुटपुटलो. खरं उत्तर मला माहीत होतं. ते सांगायची लाज वाटत होती.

मी मूळचा तासगावकडचा. आमच्या घराण्यात कुणी बंदूक हातात धरलेली नाही. इथं आलो, ग्रीन कार्ड झालं, गावाबाहेर घर घेतलं. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. दर नोव्हेंबरला त्यांच्या अंगणातल्या झाडाला हरीण टांगलेलं असायचं आणि आठवड्याभरात आमच्या दारात मांसाची एक पुडी यायची. दोन वर्षं ते मटण आवडीनं खाल्ल्यावर मला वाटलं, खातोय तर एकदा स्वतः करून बघावं. शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला, परवाना काढला आणि त्यांचीच एक जुनी रायफल मागून घेतली.

त्या पहिल्याच हंगामात, संध्याकाळी उजेड कमी होत असताना, एक मादी मक्याच्या शेताच्या कडेला आली. अंतर एकशे ऐंशी यार्ड असावं. मी उभ्यानं, एका खोडाला खांदा टेकवून बार टाकला. ती वाकली, पाठ कमानीसारखी झाली आणि हळूहळू चालत झाडीत गेली. पळाली नाही. शेजाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, "पोटात लागली. आता तिच्या मागे जाऊ नका. सकाळी बघू."

सकाळी आम्ही माग काढला. रक्त थोडंच होतं, आणि त्याला आतड्यांचा वास होता. दोन ठिकाणी ती बसून पुन्हा उठल्याच्या खुणा होत्या. सापडली तेव्हा मेलेली होती. मागचा भाग रात्रीतून कोयोटींनी खाल्ला होता. तिला मरायला किती तास लागले ते मी शेजाऱ्यांना विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून यंदा मला चांगली रायफल हवी होती.

*

त्या तीन रायफली कुठल्या, ते सांगतो. पहिली सॅव्हेज ॲक्सिस, चारशे डॉलरच्या आसपास. दुसरी रूगर अमेरिकन, सहाशेच्या आसपास. तिसरी टिक्का टी-थ्री-एक्स, फिनलंडमध्ये बनलेली, आठशेच्या वर. तिन्ही बोल्ट-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. तेव्हा कुठे दुसरं काडतूस नळीत बसतं. ही रचना आजच्या रूपात आणली ती जर्मनीच्या माउझर बंधूंपैकी पॉल माउझरनं. त्याची १८९८ सालची लष्करी रायफल ही आजच्या बहुतेक शिकारी रायफलींची आजी म्हणता येईल. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रिग्बी रायफलही माउझरच्याच रचनेची होती.

आता पैसे वाढवले की नेमकं काय मिळतं? टिक्काचा बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा सरकतो. ॲक्सिसचा थोडा खरखरतो. ॲक्सिसचा प्लास्टिकचा दस्ता पोकळ वाटतो. चापाचा दाब, रंगरूप, हातात धरल्यावरचं समाधान, सगळ्यात फरक आहे. पण गोळी कुठे लागते यात? तिथं मात्र फरक फार कमी आहे. यंत्रानं घडवलेल्या आजच्या नळ्या इतक्या चांगल्या असतात की चारशे डॉलरची रायफलसुद्धा टेकूवर ठेवून शंभर यार्डांवर मारली, तर तीन गोळ्या साधारण दीड इंचाच्या आत लागतात. महागडी कदाचित एका इंचात लावेल. आणि हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते, ती साधारण आठ इंच व्यासाची. जेवणाच्या ताटाहून लहान, नाश्त्याच्या बशीएवढी.

म्हणजे हरणाच्या बाजूनं पाहिलं तर अर्ध्या इंचाचा प्रश्न निकालात निघालेला आहे. शिल्लक राहतो तो माझा प्रश्न. उभ्यानं, थंडीत, छातीत धडधडत असताना माझी नळी कितीतरी इंच हलते. चापाला झटका दिला की आणखी हलते. दोनशे यार्ड जायला गोळीला पाव सेकंदाच्या जरा आत लागतं, तेवढ्यात सावज एक पाऊल टाकू शकतं. यातलं काहीच टिक्का दुरुस्त करत नाही.

आणि हे मला त्या दुकानात जाण्याआधीच माहीत होतं. ती मादी सापडली त्याच आठवड्यात मी शेजाऱ्यांची रायफल रेंजवर नेऊन कागदावर मारून पाहिली होती. मनातून वाटत होतं, दुर्बीण हललेली निघावी. नव्हती हलली. पाचही गोळ्या जिथं लागायला हव्यात तिथंच लागल्या. रायफलीचा काही दोष नव्हता.

मग मी नऊशे डॉलर घेऊन दुकानात कशाला गेलो होतो? प्रायश्चित्त विकत घ्यायला. महागाची वस्तू घेतली म्हणजे आपण ती गोष्ट गांभीर्यानं घेतली, असं आपल्याला वाटतं. व्यायाम सुटला की नवे बूट घेतो, लिखाण होत नाही म्हणून नवा लॅपटॉप घेतो. तिथं फसगत झाली तर नुकसान आपलंच होतं. इथं मात्र माझ्या समाधानाची किंमत दुसरा जीव मोजणार होता.

*

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुला कशाला रे बंदूक हवी? तिकडं दुकानात मटण मिळत नाही का?"

हा प्रश्न टाळता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये एके काळी लांडग्यांना वेचून मारलं गेलं, आता काही उत्तरेत परतलेत. पण शेतं आणि वस्त्यांच्या भागात हरणांवर अंकुश ठेवणारं माणसाशिवाय फारसं कुणी नाही. हरणं वाढली की जंगलातली कोवळी रोपं वर येत नाहीत, रस्त्यावर गाड्यांना धडकून मरतात. अमेरिकेत १९३७ च्या कायद्यानुसार शिकारीच्या रायफलींवर आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. सगळं खरं आहे. पण मी खरं सांगतो, मी मचाणावर बसतो तेव्हा माझ्या मनात कोवळी रोपं नसतात. आणि मी उपाशीही नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा गुन्हा झाला. त्याच्याही कितीतरी आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, आणि पोटासाठी फासे लावणाऱ्या पारध्यांवर पुढे त्याच कायद्यानं जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. त्याच काळात साहेब आणि राजेरजवाडे हौसेनं वाघ मारत होते. माझी शिकार त्या दुसऱ्या रांगेतली आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि त्या काउंटरमागच्या भिंतीवर ज्या बंदुका टांगलेल्या होत्या, त्या हरणांसाठी नव्हत्या. शिकारीच्या परवान्यासाठी मला कोर्स करावा लागला, परीक्षा द्यावी लागली. रायफल विकत घेण्यासाठी एक फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी पुरली, तासाभरात काम झालं. हरणाला मारण्याआधी शिकावं लागतं, बंदूक घेण्याआधी नाही, ही गोष्ट तिथं उभं असताना मला फार विचित्र वाटली. अजूनही वाटते.

आईला मी वेगळंच उत्तर दिलं. म्हटलं, "दुकानातलं मटणही कुणीतरी मारलेलंच असतं ना." ती म्हणाली, "ते खरं. पण तो ते रोज करतो. त्याचा हात बसलेला असतो."

*

तिच्या त्या वाक्यानं मला जत्रा आठवली. आमच्या गावात जत्रेला बोकड कापायला मुलाणी चाचा यायचे. लहान असताना मी त्यांच्याभोवती घुटमळायचो. त्यांची सुरी जुनी होती, वर्षानुवर्षं घासून पातं बोटाएवढं अरुंद झालेलं. बाजारात तिला कुणी शंभर रुपये दिले नसते. पण प्रत्येक बोकडाआधी ते ती दगडावर पुन्हा लावायचे, धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "थांबा. त्याला त्रास व्हायला नको." पोरांना लांब पाठवायचे. मग एकदाच हात फिरायचा.

त्या सुरीत पैसे नव्हते, वेळ होता. कापणाऱ्यानं कापल्या जाणाऱ्याला जर काही देणं लागत असेल, तर ते त्या दगडावरच्या घासण्यात होतं.

यावर कुणी म्हणेल, परवडत असेल तर हात बसवावा आणि हत्यारही सर्वोत्तम घ्यावं. दोन्ही का नको? मुद्दा रास्त आहे, आणि खराब रायफल घेऊन रानात जाऊ नये हेही खरंच. पण उत्तम हत्यार गप्प बसत नाही. ज्या रायफलीवर लांब पल्ल्याची दुर्बीण आहे, ती तीनशे यार्डांवरचं हरीण जवळ आणून दाखवते आणि सुचवते, जमेल. काडतुसाचंही तेच. जबरदस्त मॅग्नम काडतूस घेतलं म्हणजे सावज जागच्या जागी पडेल असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या धक्क्याला खांदा घाबरतो, चाप ओढण्याआधीच अंग आखडतं आणि नेम चुकतो. साधं .३०८ किंवा .२४३ हरणाला पुरेसं आहे, आणि धक्का सोसवणारा असल्यामुळे सरावही होतो. दोन्हीकडे 'जास्त' हे 'बरं' नाही.

ऑल्डो लिओपोल्ड विस्कॉन्सिनमध्येच प्राध्यापक होता. बाराबूजवळ, नदीकाठी, त्याचं झोपडं अजून आहे. तो स्वतः शिकारी होता. १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या पुस्तकात त्यानं शिकारीच्या नीतीबद्दल एक साधी गोष्ट नोंदवली आहे: शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात. क्रिकेटपटूला पंच असतो, रस्त्यावरच्या माणसाला शेजारी असतो. रानात चुकीचा बार टाकला तर हूटिंग करायला कुणी नाही. मी त्या संध्याकाळी एकशे ऐंशी यार्डांवर उभ्यानं बार टाकला, तेव्हा मला थांबवणारं फक्त एकच माणूस तिथं होतं.

*

मी विक्रेत्याला शेवटी खरं सांगितलं. "शंभर यार्ड. तेही टेकू असेल तर." तो हसला नाही. त्यानं टिक्का उचलून मागे ठेवली.

ॲक्सिस घेतली, .३०८ मध्ये. दोनशेच्या आसपास दुर्बीण आणि ती बसवायच्या कड्यांना गेले. उरले ते काडतुसांना आणि रेंजच्या फीला. सरावाचं काडतूस साधारण एक ते दोन डॉलरला पडतं, म्हणजे टिक्काच्या फरकात मला दोन-अडीचशे गोळ्या मिळाल्या. शिकारीसाठी तांब्याच्या गोळ्यांचा एक डबा घेतला, कारण शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते, आणि आतड्यांचा ढीग खाणारे गरुड ते गिळतात. घरी रोज रात्री रिकाम्या रायफलीनं, पुन्हा पुन्हा तपासून, भिंतीवरच्या टिंबावर चाप ओढायचा सराव केला. त्याला पैसे पडत नाहीत. कंटाळा मात्र येतो.

रेंजवर मी बसून, गुडघ्यावर, टेकूनं आणि उभ्यानं मारलं. कागदी ताटात दहापैकी दहा लागेपर्यंत मागे सरकायचं नाही, असा नियम केला. बसून, टेकूनं, मी एकशे वीस यार्डांपर्यंत पोचलो. उभ्यानं पन्नासच्या पुढे गेलो नाही.

हंगामाच्या चौथ्या दिवशी, संध्याकाळी, मक्याच्या त्याच कडेला एक मादी आली. अंतर मापकावर एकशे साठ दिसलं. ती आडवी उभी होती, मान खाली. दुर्बिणीत ती बशी मला स्पष्ट दिसत होती. रायफलीला ते अंतर काहीच नव्हतं. मी सुरक्षा-खटका काढला नाही. ती पंधरा-वीस मिनिटं चरली आणि झाडीत गेली. माझे हात थरथरत होते, थंडीनं का कशानं ते माहीत नाही. हंगाम संपला, माझं तिकीट कोरंच राहिलं.

रविवारी आईचा फोन आला. तिनं विचारलं, "मग, मिळालं का हरीण?"

"नाही आई."

"बरं झालं," ती म्हणाली.

मीही "हो" म्हणालो. आमच्या दोघांच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता, पण फोनवर ते नीट सांगता आलं नसतं. तांब्याच्या गोळ्यांचा डबा अजून न फोडलेला कपाटात आहे. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मी एकशे साठपर्यंत पोचलो, तर तो फोडीन. नाही पोचलो तर ती जवळ यायची वाट बघीन.