अर्जुनाचा विषाद आणि नैराश्याचा आजार

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात गात्रे गळणे, तोंडाला कोरड पडणे, अंगाला कंप सुटणे, हातातून गांडीव निसटणे अशी स्वतःची अवस्था अर्जुन सांगतो. तिच्यावरून त्याला नैराश्याचा, म्हणजे डिप्रेशनचा, आजार जडला होता आणि श्रीकृष्णाच्या उपदेशाने तो बरा झाला, असे अलीकडे अनेकदा सांगितले जाते. हे साम्य वरवरचे आहे, आणि त्यातून निघणारी अपेक्षा रुग्णावर अन्याय करणारी आहे.

अर्जुनाच्या दुःखाला विषय आहे. भीष्म-द्रोणांवरील प्रेमातूनच ते उपजते. तो कुलक्षयाचे परिणाम मांडतो, शिष्य होऊन मार्ग विचारतो आणि शंका फिटली नाही की पुन्हा विचारतो, म्हणजे दुःखातही त्याची आस्था, विवेक व जिज्ञासा शाबूत आहेत. सामान्य शोकही बहुधा असाच असतो: आठवणीने तो उसळतो, आप्तांच्या सोबतीत काही काळ निवळतो. फ्रॉइडने 1917 मध्ये शोक आणि विषण्णता यांची तुलना करताना म्हटले होते की शोकात जग रिते होते, विषण्णतेत मात्र माणसाला स्वतःचे ‘मी’पणच रिते आणि कवडीमोल वाटू लागते.

मानसोपचारात प्रचलित असलेल्या निकषांनुसार, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, मंदावलेली हालचाल, निष्कारण अपराधभाव, एकाग्रतेचा अभाव, मरणाचे विचार यांपैकी काही लक्षणे मिळून किमान पाच भरली व दैनंदिन व्यवहार बिघडले, तर नैराश्याचे निदान होऊ शकते. येथे कारण असणे वा नसणे ही कसोटी पुरेशी नाही, कारण आप्ताच्या मृत्यूनंतरच्या शोकातूनही हा आजार उद्भवू शकतो.

उपदेश ऐकणाऱ्याकडे तो ग्रहण करण्याची शक्ती आहे, हे उपदेशकाने गृहीत धरलेले असते, आणि नैराश्य नेमकी तीच शक्ती क्षीण करते. ज्याला एक ओवीही लक्ष लावून वाचता येत नाही, नामस्मरणात काहीच जाणवत नाही, त्याला श्रद्धा कमी पडल्याचे सांगणे म्हणजे आधीच छळणाऱ्या अपराधभावाला धर्माचे पाठबळ देणे होय. परंपरेची दृष्टी याहून सूक्ष्म आहे. चरकसंहितेत विषादाची गणना वातविकारांत केली आहे. पतंजलीने योगातील विघ्ने सांगताना व्याधीला पहिले स्थान दिले आहे, आणि स्त्यान, म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, आळसाहून वेगळी नोंदवली आहे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे, औषध घेणे किंवा बोलण्यावर आधारित उपचार स्वीकारणे यात धर्माला बाध येईल असे काही नाही. जगण्याचा अर्थ काय, हा प्रश्न उपचारानंतरही उरतो, परंतु तो अर्जुनासारखा विचारण्याइतके बळ रुग्णाला आधी परत मिळायला हवे.