नाव देणाऱ्यांचे देणे

एखाद्या नदीवर वा रेल्वेमार्गावर पूल उभा राहू लागला, की त्याचे खांब पुरते वर येण्यापूर्वीच त्याच्या नावाचा प्रश्न सभागृहात येऊन दाखल होतो, आणि ज्या सभासदांना त्या पुलाच्या पायाची खोली किंवा मक्तेदाराच्या कराराचा तपशील कधी विचारावासा वाटला नाही, तेही त्या दिवशी मोठ्या आवेशाने बोलतात. अखेर जो ठराव मंजूर होतो त्यात दिवंगत लोकसेवकाची स्तुती भरपूर असते. त्याचे नाव धारण करणाऱ्या वास्तूची देखभाल कोणी, कोणत्या निधीतून आणि कोणत्या मुदतीत करावी, याविषयी अवाक्षर नसते. आपल्या वस्तीसाठी झिजलेल्या माणसाचे नाव डोळ्यांसमोर राहावे, ही इच्छा निर्मळच आहे. मात्र नाव दिले म्हणजे ऋण फिटले, असा जो समज या ठरावांच्या मागे असतो, तो तपासून पाहण्यासारखा आहे.

माहीम आणि वांद्रे यांच्या मधली खाडी एके काळी होडीतून ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात तो प्रवास जिवावरचा असे. कंपनी सरकार तेथे रस्ता बांधण्याचा खर्च सोसावयास तयार नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी स्वतःजवळचे 1,57,000 रुपये पुढे केले आणि 1845 मध्ये तो मार्ग रहदारीस खुला झाला. या देणगीबरोबर बाईंनी एक अट घातली होती : या वाटेवर सरकारने कोणाकडूनही पथकर घेऊ नये. मला ही अट त्या रकमेहून मोठी वाटते; कारण रक्कम ही संपत्तीची साक्ष आहे, परंतु डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई आणि बग्गीतून जाणारा साहेब या दोघांनी एकाच हक्काने खाडी ओलांडावी, याची तजवीज करून ठेवणे हे विवेकाचे काम आहे. आज माहीममधल्या रस्त्याला लेडी जमशेटजींचे नाव आहे खरे, पण लोकांच्या तोंडी तो ‘एल. जे. रोड’ झाला, आणि खाडीवरच्या वाटेला सारे जण नुसते माहीम कॉजवे म्हणतात. पुण्यात मुळा-मुठेवर जमशेटजींच्या द्रव्याने बंधारा झाला, त्याच्या काठची बाग ‘बंड गार्डन’ म्हणून ओळखली गेली, आणि जवळच्या पुलाला नाव मिळाले ते गव्हर्नर फिट्झजेराल्डसाहेबांचे. तेही पुणेकरांनी फारसे मनावर घेतले नाही. ज्या शहरात दगडी झालेल्या आणि संभाजी महाराजांचे नाव लाभलेल्या पुलाला अद्याप लकडी पूलच म्हणतात, तेथे ठरावाचा अंमल किती चालणार? तात्पर्य, पाटीवरचे नाव पुसट झाले तरी अवाबाईंचे कृत्य आपले काम करीतच राहिले, याचे कारण त्यांनी नावाऐवजी वाटसरूची काळजी घेतली होती.

याच्या उलट प्रकार अंधेरीस घडला. तेथील रेल्वेवरच्या पुलाला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आहे. गोखले हे गणिताचे अध्यापक. शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक त्यांनी रचले, आणि 1902 मध्ये कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना सरकारी शिल्लक म्हणजे रयतेवर लादलेल्या जादा कराचे फळ होय, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. अशा हिशेबी पुरुषाचे नाव असलेल्या पुलाचा पादचारी भाग 3 जुलै 2018 रोजी भर पावसात रुळांवर कोसळला आणि त्यात माणसे दगावली. पुढे तो पूल पाडून नवा बांधण्यात आला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या उड्डाणपुलाशी त्याची पातळी दीड मीटरहून अधिक चुकल्याचे साऱ्या शहराने पाहिले. हा शेजारचा पूल सी. डी. बर्फीवाला यांच्या नावाचा, म्हणजे स्थानिक स्वराज्याच्या शिक्षणाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या गृहस्थांचा! रेल्वेवरच्या भागाची उंची नव्या नियमामुळे वाढवावी लागली, हे खरे. पण उंची वाढली की पुढची जोडणी बदलते, एवढे तरी नकाशावरच कळावयास हवे होते. त्याच वर्षीच्या जुलैत बर्फीवाला पूल खालून उचलून दोन्ही पातळ्या एकदाच्या जुळविण्यात आल्या.

पण मधल्या काळात नाचक्की कोणाची झाली? वर्तमानपत्रांत कोसळत होते ते गोखले, आणि विनोदाचा विषय झाले ते गोखले व बर्फीवाला. ज्यांच्या सहीने नकाशे मंजूर झाले त्यांची नावे कोणाच्या तोंडी आली नाहीत. नाव देणारी सभा मृताची अब्रू तारण ठेवून कर्ज उचलीत असते, आणि हप्ते चुकले की जप्ती येते ती त्या बिचाऱ्याच्या दारी.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. यापुढे नामकरणाच्या ठरावातच दरसाल दुरुस्तीच्या खर्चाची तरतूद नमूद करावी, आणि पुलाच्या नामफलकावर त्या थोर व्यक्तीच्या नावाखाली, उद्घाटकाच्या नावासाठी राखून ठेवलेल्या जागेत, शेवटच्या तपासणीची तारीख व तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा लिहावा. या सूचनेला एखादा सूचक कदाचित मिळेलही. अनुमोदक मिळेल की नाही, याची मला दाट शंका आहे.