करवलीचा दिवा आणि पाठराखणीचा अर्थ

मराठी विवाहविधीत वधूच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बहिणीला 'करवली' म्हणतात. मंगलाष्टके चालू असताना, अंतरपाट म्हणजे वधूवरांमध्ये धरलेले वस्त्र दूर होईपर्यंत, ती हातात करा म्हणजे पाणी, आंब्याची पाने व नारळ असलेले लहान पात्र, किंवा शकुनाचा दिवा घेऊन उभी असते. सख्खी बहीण नसल्यास हा मान चुलत, मामे, आते किंवा मावस बहिणीकडे जातो. वराच्या बाजूलाही त्याची करवली असते. मंत्र पुरोहित म्हणतात, कन्यादान आईवडील करतात, लाजाहोमात वधूच्या ओंजळीत लाह्या भाऊ घालतो आणि कानपिळीच्या वेळी तोच वराचा कान पिळून मानाचा आहेर घेतो. करवलीला मात्र संपूर्ण विधीत उच्चारण्यासाठी एकही वाक्य नाही. मुखर विधींच्या गर्दीत हे मूक उभे राहणे परंपरेने का जपले असावे, याचा विचार केल्यास विवाहातील बहिणीच्या कामाचे खरे स्वरूप उलगडते.

या प्रश्नाचे एक उत्तर 'पाठराखीण' या शब्दात दडलेले आहे. नवविवाहितेबरोबर पहिले काही दिवस सासरी राहण्यासाठी माहेरची जी मुलगी किंवा स्त्री पाठवली जाई, तिला पाठराखीण म्हणत. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या विवाहरीतींमधला प्रदेश असल्याचे दाखवले आहे. ज्या समाजांत मामाची मुलगी सून म्हणून येई, तेथे वधूला सासर म्हणजे आत्याचेच घर असे. जेथे हे नाते नव्हते, तेथे आठ-दहा वर्षांची मुलगी परक्या माणसांत जाई आणि तिला तिच्या भाषेत, तिच्या वयाला धरून बोलणारे कोणी जवळ असणे ही निकडीची गरज असे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ केले, १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. वधू सज्ञान होत गेली तशी पाठराखिणीची प्रथा आटली, परंतु परक्या घरी जाणाऱ्या स्त्रीला स्वतःचे माणूस लागते, ही त्यामागची जाणीव कालबाह्य झालेली नाही.

लग्नाच्या तयारीतील करवलीची कामे या जाणिवेच्या प्रकाशात पाहावी लागतात. केळवणांच्या, म्हणजे नातलगांनी वधूला जेवू घालण्याच्या समारंभांच्या, तारखा जुळवणे, हिरवा चुडा भरण्यासाठी कासाराला वेळ सांगणे, रुखवताचे पदार्थ व वस्तू मांडणे, कोणत्या मावशीचा मान राहून गेला ते लक्षात ठेवणे, हळदीच्या दिवशी पाहुण्यांची व्यवस्था लावणे, हे सारे बहुधा तिच्याकडे येते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला डी लिओनार्डो यांनी कॅलिफोर्नियातील इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये अशा कामाला एक नाव दिले, ज्याला मराठीत 'नातेश्रम' म्हणता येईल: भेटीगाठी, सणवार व आठवणी यांच्याद्वारे घराघरांतील संबंध टिकवण्याचे, बहुतांशी स्त्रियांनी केलेले व काम म्हणून न मोजले गेलेले श्रम. भारताच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. लग्नघरातही ही विषमता तशीच उतरते, म्हणून करवलीच्या कौतुकाबरोबर भावांनी तिच्या कामाचा निम्मा भार उचलणे हा न्यायाचा भाग ठरतो.

आज मांडव, सजावट, मेंदी, जेवणावळी यांचे कंत्राट देता येते आणि त्यामुळे थकवा कमी होत असेल तर ते स्वागतार्हच आहे. मात्र मोकळा झालेला वेळ एकसारखे पोशाख व नृत्याच्या सरावातच संपला, तर पाठराखणीसाठी काहीच उरत नाही. पाठराखणीचे असेच एक काम म्हणजे आहेराची नोंद ठेवणे, आणि करवलीच्या त्या वहीला कायद्यातही आधार आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा असून, त्याखालील १९८५ च्या नियमांनुसार वधूला विवाहाच्या वेळी मिळालेल्या भेटींची लेखी यादी तिने ठेवावयाची असते. तीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, तो नातलग असल्यास त्याचे नाते व वधूवरांच्या सह्या अपेक्षित असतात. आहेराच्या टेबलाशी वही घेऊन बसणारी बहीण ही नोंद नीट करते, तेव्हा ती वधूच्या मालमत्तेचे रक्षण करत असते.

याहून मोलाचे काम मुंडावळ्या बांधताना घडू शकते, कारण वधूशी एकांतात बोलण्याची संधी त्या गडबडीत बहुधा करवलीलाच मिळते. तेव्हा वधूच्या मनात लग्नाबद्दल शंका असेल तर ती ऐकून घेणे, आणि गरज पडल्यास मोठ्यांसमोर मांडणे, हे पाठीशी उभे राहण्याच्या शब्दशः अर्थाला धरूनच आहे. हे कर्तव्य वरातीबरोबर संपत नाही. पहिल्या दिवाळसणाला जावयाचे कौतुक घरभर चाललेले असताना, माहेरी आलेल्या बहिणीला माजघरात बाजूला घेऊन ती खरोखर कशी आहे हे विचारणारी आणि उत्तर येईपर्यंत थांबणारी करवली लग्नात हाती घेतलेला दिवा विझू देत नाही.