रस्त्यावरून दिसणारी भिंत

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारापाशी उभं राहून वर पाहिलं, की दगडात कोरलेली माणसं दिसतात. ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांची. पुढे 1878 ते 1888 या काळात व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहिलं, तेव्हा त्यावरची कितीतरी पानंफुलं आणि पशुपक्षी याच स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातून उतरले. इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या नावावर जमा आहे. कोरणाऱ्या पोरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. काय कोरायचं हे त्यांच्या हातात नव्हतं. तरीही त्यांचं काम रोज लाखो माणसांच्या डोळ्यांपुढे असतं. असा प्रेक्षक नंतरच्या थोर चित्रकारांनाही क्वचितच लाभला.

आधुनिक वास्तुकलेने इमारत आणि कला यांचं हे नातं मोडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या अडॉल्फ लूसने इमारतीवरचं अलंकरण जवळपास गुन्हाच ठरवलं. 1919 मध्ये वास्तुविशारद ग्रोपियसने मात्र बाउहाउस या कलाशाळेच्या जाहीरनाम्यात सर्व दृश्यकलांचं अंतिम ध्येय वास्तू हेच आहे, असं मांडलं. प्रत्यक्षात जिंकला तो लूस. भिंती कोऱ्या झाल्या आणि चित्रं गॅलरीत गेली. याने कलेचं भलंही झालं असं मला वाटतं. इमारतीच्या मालकाला हवं तेच सांगायची सक्ती संपल्याशिवाय चित्रकाराला स्वतःचा आवाज सापडला नसता.

मुंबईत ही फारकत लगेच झाली नाही. फोर्टमधली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत 1930 च्या दशकातली, मास्टर, साठे आणि भुता यांची. काँक्रीटची, सरळ उभ्या रेषांची, पूर्णपणे नव्या काळाची. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांच्या शिल्पाकृती आहेत: उंच, ताठ, इमारतीच्या रेषांशीच नातं सांगणाऱ्या. त्या काढून टाकल्या तर इमारत अपुरी वाटेल. इथे शिल्पकाराचं नाव आहे, त्याची शैली आहे आणि रस्ताही आहे. मला ही इमारत फार मोलाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाती घेतला. ते स्वतः चित्रं काढत. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत हेल्मुट बार्ट्श या अमेरिकी वास्तुविशारदाने आखली; 1962 मध्ये नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. बांधकामखर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवायला भाभांनी नेहरूंची संमती मिळवली. फ्रान्सने शाळांच्या इमारतींसाठी असा नियम 1951 मध्येच केला होता. या पैशातून आणि भाभांच्या नजरेतून आरा, हेब्बर, गायतोंडे, तय्यब मेहता यांची चित्रं आली, तीही त्या पिढीला फारसे गिऱ्हाईक नव्हते तेव्हा. प्रवेशदालनातल्या मोठ्या भिंतीसाठी चित्रकारांकडून आराखडे मागवले गेले आणि हुसेन यांची निवड झाली. त्यांचं ‘भारत भाग्य विधाता’ सुमारे 45 फूट लांब आहे. त्यात अणुभट्टीची जाहिरात नाही, संस्थेची स्तुती नाही. शास्त्रज्ञांनी चित्रकाराला आपल्या घरी बोलावलं आणि काय बोलायचं ते त्याच्यावर सोडलं.

पण हे घर नेव्हीनगरच्या पहाऱ्यापलीकडे आहे. देशाच्या पैशातून घेतलेली ही चित्रं सामान्य माणसाला सहज पाहता येत नाहीत. चित्रकाराला मोकळीक मिळाली आणि त्याच वेळी रस्ता त्याच्या हातून गेला, ही गोष्ट मला सलते.

दोन्ही एकत्र जमतं, याचा दाखला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी दिल्लीत दिला. 1992 मधल्या ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीत त्यांनी दर्शनी भागच हॉवर्ड हॉजकिन या चित्रकाराच्या हाती सोपवला. काळा कडप्पा आणि पांढरा मकराणा संगमरवर यांतून एका प्रचंड वडाची छाया तिथे पसरली आहे. ती बसमधूनही दिसते.

मुंबई विमानतळाच्या 2014 मध्ये खुल्या झालेल्या टर्मिनलमध्ये राजीव सेठी यांनी हजारो कलावस्तूंची ‘जय हे’ ही भिंत उभी केली. आपल्या कारागिरांना इतकी जागा क्वचितच कुणी दिली असेल. पण ती पाहायला विमानाचं तिकीट लागतं.

शहरात आज मेट्रोची स्थानकं होत आहेत, पालिकेच्या शाळा आणि रुग्णालयं होत आहेत. भाभांचा एक टक्का तिथल्या निविदेत असावा, तो बाहेरच्या भिंतीवर खर्च व्हावा आणि नकाशा निघत असतानाच चित्रकाराला बोलावलं जावं, असं मला मनापासून वाटतं. अडचण पैशापेक्षा निवडीची आहे. भाभा स्वतः कुंचला हातात धरणारे होते. गायतोंडे यांच्या चित्रापुढे थांबायचं त्यांना कळत होतं. निविदा उघडणाऱ्या समितीत असा एक तरी माणूस बसवण्याची तरतूद आजच्या नियमांत कुठे करायची, हे आधी ठरवावं लागेल.