वेतनावाचून बंधन

हौशी फुटबॉल संघाच्या नियमांत सहसा तीन अपेक्षा असतात : सरावास वेळेवर यावे, येणे अशक्य असल्यास आधी कळवावे, पंचाचा निर्णय मुकाट्याने मानावा. त्यावर तरुण विचारतात, वेतन नसता हे बंधन कशाला?

आमच्या मते वेतन नाही म्हणूनच ते अधिक कसोशीने पाळावे. चाकरमान्याची चूक पगार कापून भागते; हौशी खेळाडूपाशी शब्दावाचून दुसरे तारण नसते. पालखीला खांदा देण्याचे ज्याने स्वेच्छेने पत्करले, तो ऐन वेळी न आल्यास त्याचा भार इतरांच्या खांद्यांवर पडतो. मैदानावरही तेच. संघ ११ जणांचा; ७ हून कमी खेळाडू उरले तर नियमाप्रमाणे सामना होऊच शकत नाही. एकाची स्वैरता अशी अनेकांच्या आनंदावर घाला घालते.

मात्र नियमाने माणूसही ओळखावा. बेळगावच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारा वा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणारा तरुण सरावास मुकला, तर तो दोषी नव्हे. न कळविणे हा दोष. उलट, गोल करणाऱ्याला सर्व माफ आणि राखीव खेळाडूला तेवढे शासन, हा उघड अन्याय होय. शेजारच्या कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा या तालमींच्या नावांनीच फुटबॉल संघ खेळतात. तालमीत आखाड्याची माती उकरण्यातून नामांकित मल्लही सुटत नाही. हाच दंडक संघचालकांनी सांभाळावा. सामना हरला तरी चालेल. पक्षपाताने शब्दाची किंमत घालवू नये.