फाइल बदलली नाही, हे कशावरून?

दोन ठिकाणी ठेवलेल्या फाइली एकसारख्या राखणाऱ्या प्रणालीला प्रत्येक फाइलबाबत ठरवावे लागते की ती होती तशीच आहे की बदलली आहे. शिरवण्याच्या एमआयडीसी पट्ट्यातील एखाद्या कारखान्याचे हिशेब रोज रात्री पुण्यातल्या सर्व्हरवर जात असतील, तर दोन्हीकडच्या फाइली अक्षरन् अक्षर ताडण्यासाठी त्या सगळ्या पुन्हा पाठवाव्या लागतील. म्हणून प्रणाली अनुमानावर चालते.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 मध्ये आणलेले आरसिंक हे फाइली जुळवणारे साधन एरवी फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढेच पाहते. दोन्ही जुळले की फाइल न उघडता पुढे जाते. अनुमानाची चिकित्सा करणारे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, या हेतूला, म्हणजे अनुमानाच्या आधाराला, व्यभिचारी म्हणतील, कारण साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसतानाही तो आढळतो. हिशेबात 5 च्या जागी 8 पडला तरी आकार तोच राहतो, आणि एखाद्या प्रोग्रॅमने जुनी वेळ पुन्हा लावली तर बदल लपून जातो. याउलट मजकूर तोच असून वेळ बदलली, तर काम नाहक वाढते, पण नुकसान काही होत नाही. या दोन चुका एका मापाच्या नाहीत.

चेकसम हा अधिक भक्कम हेतू. त्यासाठी संपूर्ण फाइल वाचून ठरावीक लांबीची खूण काढतात; एमडी5 या पद्धतीची खूण 128 बिटांची असते. पण खुणा मोजक्या आणि संभाव्य फाइली अगणित, तेव्हा दोन वेगळ्या फाइलींची खूण कुठेतरी एकच निघणार. 2017 मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी एसएचए-1 या दुसऱ्या पद्धतीची खूण सारखी असलेल्या दोन भिन्न पीडीएफ फाइली प्रत्यक्ष तयार करून दाखवल्या. म्हणजे हेही अनुमानच.

चार्वाकांचा आक्षेप नेमका हाच होता: सर्व काळ आणि सर्व स्थळे पाहिल्याशिवाय व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा अटळ संबंध, ठरत नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त उत्तर दिले की शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत ठरेल, तिथे शंका थांबते. हे उत्तर पटण्याजोगे आहे; मात्र शंका कुठे थांबवायची हे वस्तूच्या मोलावर ठरते. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा ओव्यांची संख्या जुळणे पुरेसे नव्हते. शब्द वाचावेच लागले.

रोजच्या नकलेला आकार आणि वेळ पुरेत. हिशेब, दस्तऐवज आणि हस्तलिखितांची छायाचित्रे यांची मात्र अधूनमधून चेकसमने पडताळणी झालीच पाहिजे.